आजारी कुत्र्या-मांजराला निरोप कधी द्यायचा? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

बरा न होणाऱ्या प्राण्याला इंजेक्शन देऊन वेदनेतून कायमचं सोडवायचं का आणि कधी, याबद्दलचे हे प्रश्न तपासणीच्या टेबलापाशी विचारले जातात, रात्री फोनवर विचारले जातात आणि बऱ्याचदा दवाखान्याबाहेर गाडीत बसूनच विचारले जातात. उत्तरं एका पशुवैद्यकाची आहेत. तुमच्या डॉक्टरांचं मत कुठे वेगळं पडलं तर त्यांचं ऐका. तुमचा प्राणी त्यांनी पाहिलाय, मी नाही.

वेळ आली हे ओळखायचं कसं?

"तो स्वतःच सांगेल," असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि घरचे त्या सांगण्याची वाट बघत बसतात. मला हा सल्ला पटत नाही. कुत्री-मांजरं दुखणं लपवतात. हाड मोडलेला लॅब्रेडॉरसुद्धा तुम्ही दारात दिसलात की शेपटी हलवतो. मांजर तर काहीच करत नाही, पलंगाखाली जाऊन बसतं, आणि "शांत झालीये हल्ली" असं आपण म्हणतो.

म्हणून नोंद तुम्हीच ठेवायची. भिंतीवर कालनिर्णय असतंच. दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकोनात रोज रात्री एक खूण करा: दिवस बरा गेला तर बरोबरची, वाईट गेला तर फुली. "बरा" कशाला म्हणायचं ते मात्र आधी ठरवा. त्याच्या जिवाला आवडणाऱ्या तीन-चार गोष्टी कागदावर लिहा. पोळ्या लाटायला घेतल्या की ओट्याखाली येऊन बसणं, कुकरची शिट्टी झाली की भुंकणं, संध्याकाळी सोमेश्वरच्या बाजूची फेरी, गॅलरीतल्या उन्हाच्या तुकड्याबरोबर सरकत जाणं. यातलं काय उरलंय ते बघा. पंधरवड्यात फुल्या जास्त झाल्या की डॉक्टरांची वेळ घ्या आणि ते पान सोबत आणा. रोज जवळून बघणाऱ्याला उतरण दिसत नाही, कागदावर दिसते. त्यातही कोण खूण करतं यावर फरक पडतो, म्हणून घरातल्या दोघांनी वेगवेगळ्या करा आणि आठवड्याने ताडून बघा.

याला काही मोजमाप आहे का?

आहे. अमेरिकेतल्या पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये सात मुद्द्यांची एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, असे हे मुद्दे. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तीसच्या वर बेरीज असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही, असा ढोबळ अर्थ.

मी ही पट्टी वापरतो, पण बेरजेवर फार विसंबत नाही. एखादा कुत्रा खातोय, स्वच्छ आहे, ओळखतोय, बेरीज चाळीसच्या पुढे जाते, आणि तरी त्याला श्वास पुरत नसतो. तो रात्रभर मान लांब करून, कोपरं बाहेर काढून बसून असतो, कारण आडवं झालं की गुदमरतं. अशा वेळी बाकीच्या सहा मुद्द्यांना काही अर्थ नाही. खुद्द व्हिलालोबोसबाईंनीही श्वासाचा त्रास वेदनेच्या रकान्यात धरून त्याला सगळ्यात वरचं महत्त्व दिलंय.

घरी करता येण्यासारखं एक काम: प्राणी गाढ झोपलेला असताना मिनिटभर त्याच्या छातीची हालचाल मोजा. वर-खाली मिळून एक श्वास. कुत्र्यात आणि मांजरात झोपेतला आकडा साधारण तीसच्या आत असतो. हृदयाच्या रुग्णात तो रोज चढू लागला तर त्याच दिवशी फोन करा.

अजून खातोय की! मग कसं म्हणायचं वेळ आली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. भूक हा चांगला निर्देशक आहे, पण एकटा नाही. हाडाचा कर्करोग असलेला कुत्रा शेवटच्या दिवसापर्यंत पेढा खातो. आणि "खातोय" म्हणजे नेमकं काय खातोय? जेवणाला तोंड लावत नाही, चिकन उकडून हातावर घेतलं तर दोन तुकडे घेतो, बाकी बिस्किटावर चाललंय, हे खाणं नाही. तो तुमचा मान राखतोय, इतकंच.

मांजराचं आणखी वेगळं. मूत्रपिंडं निकामी होत आलेली एक म्हातारी मांजर दिवसभर पाण्याच्या वाडग्याजवळ बसून राहायची. घरच्यांना वाटायचं, पाणी पितेय. ती वाडग्यावर तोंड नुसतं धरून ठेवायची. तोंडात व्रण होते, मळमळ होत होती. तहान होती आणि पिववत नव्हतं. तिच्या अंगावरचे केस चिकटून गठ्ठे झाले होते, कारण तिने स्वतःला चाटणं कधीच सोडलं होतं. मांजराच्या दुखण्याची ही मोठी खूण आहे. कान बाजूला पडलेले, डोळे अर्धवट आवळलेले, तोंडाचा भाग ताणलेला, मिशा ताठ, मान खांद्यांच्या खाली. हे सगळं दिसत असेल तर ते मांजर "शांत" नाही.

वेळ आली असं वाटतं, पण आलेली नसते, असं होतं का?

होतं, आणि म्हणून निदान झाल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

म्हातारा कुत्रा सकाळी उठतो तो डोकं वाकडं करून, गोल गोल फिरत, पडत, बुबुळं इकडून तिकडे उडतायत. घरचे म्हणतात लकवा मारला, आता हाल नकोत. अनेकदा हा आतल्या कानाच्या तोलाचा बिघाड असतो. उलटी थांबवायचं औषध, हातावर पाणी, घसरणार नाही अशी जागा, एवढ्यावर दोन-तीन आठवड्यांत तो बराचसा चालू लागतो. डोकं थोडं वाकडं राहील, राहू द्या.

गोचीडतापाने पांढरीफटक पडलेली कुत्री, गर्भाशयात पू झालेली कुत्री, लैंगिक संसर्गाने होणारी जननेंद्रियावरची रक्त गळणारी गाठ: बघायला तिन्ही भयंकर आणि तिन्ही वेळेत आलं तर बऱ्या होण्याजोग्या. ती गाठ तर व्हिनक्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांत बहुतेक वेळा पूर्ण विरघळते. मागचे पाय गेलेला पण दुखणं नसलेला, लघवी-संडासची व्यवस्था लागलेला कुत्रा चाकांच्या गाडीवर वर्षानुवर्षं जगतो. जड लॅब तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, घरात दोन ज्येष्ठ नागरिक, असं असेल तर तेच दुखणं वेगळं होतं. तेही खरंच आहे.

पुण्या-मुंबईला नेऊन दाखवावं का?

निदान अडलं असेल आणि तिथे गेल्याने उपचार बदलणार असेल तर जरूर. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला १८८६ पासूनची परंपरा आहे, नाशिकहून कुत्री तिथे जातच असतात. पण जाण्याआधी इथल्या डॉक्टरांना एकच विचारा: "तिथे जे कळेल त्याने आपण वेगळं काय करणार?" उत्तर "काही नाही" असेल, तर श्वास लागलेल्या कुत्र्याला कसारा घाटातून मे महिन्याच्या उन्हात नेऊ नका. आपल्या समाधानासाठी केलेला तो प्रवास त्याला फार महागात पडतो.

स्वतःहून झोपेत गेला तर बरं. तसं होऊ द्यावं का?

असं सगळ्यांनाच वाटतं. काहींना ते लाभतंही. पण "नैसर्गिक" म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, त्यापेक्षा प्रत्यक्ष बहुधा वेगळं असतं. मूत्रपिंडाच्या आजारात उलट्या, तोंडाला घाण वास, मग झटके. हृदयाच्या आजारात फुप्फुसांत पाणी भरून गुदमरणं. प्लीहेची गाठ फुटली तर पोटात रक्तस्राव. यातलं बरंचसं रात्री होतं, आणि रात्री दोन वाजता डॉक्टर मिळेलच असं आपल्या शहरात कुणी छातीठोक सांगू नये.

वेदना आटोक्यात असतील, डॉक्टर रोज फोनवर असतील, आणीबाणीचं औषध आणि ते देणारा हात घरात असेल, तर घरीच शेवटपर्यंत सांभाळणं हाही चांगला मार्ग आहे. फक्त तो "काही न करण्याचा" मार्ग समजू नका, त्यात काम जास्त असतं. कूस बदलणं, डायपर, व्रण न होऊ देणं, डोळे पुसणं.

इथेच सांगतो: दुखतंय म्हणून घरातल्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, तीही हाल करून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना झेपत नाहीत. प्राण्यांसाठी वेदनेची वेगळी औषधं आणि वेगळ्या मात्रा आहेत, त्या मागून घ्या.

इंजेक्शन देणं म्हणजे पाप नाही का?

हा प्रश्न बहुतेक वेळा आजी विचारतात, आणि घरातलं बाकी कुणी त्यांच्याशी नीट बोललेलं नसतं. धर्मनिर्णय द्यायला मी पात्र नाही. एक घडलेली गोष्ट सांगतो. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत पडलं होतं. उपचार झाले, डॉक्टरांनी आशा सोडली. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली आणि त्याला इंजेक्शन देऊन सोडवलं. त्यानंतर संतापाची पत्रं आली, आणि गांधीजींनी 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया'त त्यावर उघडपणे लिहिलं. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसालाही हा प्रश्न सोपा गेला नव्हता, तेव्हा तुम्हाला जड जातोय यात नवल नाही.

काही घरं, विशेषतः काही जैन कुटुंबं, इंजेक्शन नकोच म्हणतात. त्यांना मी त्यावरून काही सुनावत नाही. वेदनाशामक मात्र भरपूर द्यायला सांगतो. त्याला कुणाचा धर्म आड येत नाही.

कायद्याने चालतं का?

घरच्या प्राण्यासाठी नोंदणीकृत पशुवैद्यकाचं निदान आणि मालकाची लेखी संमती लागते. पोलिसांची किंवा कोर्टाची परवानगी लागत नाही. इंजेक्शन पशुवैद्यकानेच द्यायचं. ओळखीच्या कंपाउंडरकडून करून घेऊ नका.

रस्त्यावरच्या कुत्र्याबद्दल २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू होतात. बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम असल्याचं स्थानिक देखरेख समितीने नेमलेल्या पथकाने ठरवलं तरच, आणि तेही पशुवैद्यकाच्या हातून, पेंटोबार्बिटल या भुलीच्या औषधासारख्या वेदनारहित पद्धतीने. "कॉलनीत त्रास आहे, एकदाचं इंजेक्शन देऊन टाका" असं निरोगी कुत्र्याबद्दल मागायला येणाऱ्यांना उत्तर एकच: तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

रेबीजचा संशय असेल तर जवळ घेऊ नका, तोंडात हात घालू नका, औषध पाजू नका. वेगळं बंद ठेवून लगेच कळवा. चावा किंवा लाळ लागली असेल तर जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्यात धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन लस सुरू करा.

घरात लग्न आहे, दिवाळी आलीय, मुलगी पुढच्या महिन्यात अमेरिकेहून येतेय. थांबावं का?

एक-दोन दिवस औषधांवर निभतील तर थांबा. महिना नाही. दिवाळीत तर उलट विचार करा: आधीच श्वास लागलेल्या कुत्र्याला लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे फटाके काय करतात ते आम्ही दर वर्षी बघतो. मुलीला व्हिडिओ कॉल लावा, बोलू द्या, रडू द्या. आवाज तो ओळखतो. ती म्हणेल "मी येईपर्यंत थांबवा". तेव्हा तिला कालनिर्णयचं पान दाखवा, म्हणजे तुम्हाला वकिली करावी लागणार नाही.

घरात एकमत होत नसेल तर सगळ्यांनी एकत्र दवाखान्यात या. बहुतेक वेळा जो रात्री उठून गादी बदलतो तो "आता पुरे" म्हणत असतो आणि जो सकाळी ऑफिसला जातो तो "थोडं थांबू" म्हणत असतो. पहिल्याचं मत जड धरा.

पैसे संपलेत म्हणून निर्णय घेतला तर चूक का?

चूक नाही. डायलिसिस, मोठी शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने सलाइन हे सगळ्यांना परवडत नाही, आणि परवडलं तरी दर वेळी उपयोग होतोच असं नाही. आकडा डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा. "जितके लागतील तितके लावू" म्हणून मग अर्ध्यावर उपचार तोडण्यापेक्षा ते बरं. शासनाच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात खर्च कमी येतो, तिथेही दाखवता येईल.

प्रत्यक्ष काय होतं? आम्ही थांबू शकतो का?

थांबू शकता. मी तर थांबा म्हणेन, कारण त्याची नजर तुम्हाला शोधत असते. नाही बघवलं तर पहिल्या इंजेक्शनपर्यंत थांबून बाहेर जा, त्याला ते कळत नाही.

पुढच्या पायावरचे थोडे केस मशीनने काढतात, शिरेत सुई घालून पट्टी लावतात. त्याआधी किंवा नंतर गुंगीचं औषध. पाच-दहा मिनिटांत मान जड होते, बरेच कुत्रे घोरायला लागतात. हा वेळ तुमचा. कानामागे खाजवा, बोला. मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून. काही सेकंदांत शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून पूर्ण खात्री करतात, थोडा वेळ ऐकत राहतात.

घाबरवणाऱ्या तीन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. डोळे उघडे राहतात, मिटले तरी परत उघडतात. लघवी-संडास होते, म्हणून खाली जुनी चादर आणि प्लॅस्टिक हवं. आणि सगळं संपल्यावर एखादा मोठा उसासा किंवा पायाची थरथर दिसू शकते. तो परत आलेला नसतो, स्नायूंची ती शेवटची हालचाल असते, त्याला काही जाणवत नाही.

घरी करता येईल का?

डॉक्टर तयार असतील तर घरच उत्तम, विशेषतः मांजरांसाठी. दवाखान्यातल्या कुत्र्यांच्या भुंकण्यात तिचा शेवट कशाला? गुळगुळीत फरशीवर गोधडी घाला, उजेड भरपूर ठेवा, शीर दिसायला हवी. मोठ्या कुत्र्याला जिन्यावरून खाली आणायला चौघं आणि एक जाड ब्लँकेट लागतं, माणसं आधी बोलावून ठेवा. फी आणि पुढची व्यवस्था आदल्या दिवशीच बोलून घ्या. त्या क्षणी कुणी पाकीट शोधत उभं राहू नये.

आदल्या दिवशी आवडीचं खाऊ घाला, पथ्य सोडा. चॉकलेट फक्त नको, उलट्या होऊन शेवटची रात्र खराब होईल.

मुलांना काय सांगायचं?

"शेतावर सोडला" सांगू नका. मुलं शेत बघायला मागतात. आजार बरा होण्यासारखा नव्हता, त्याला खूप दुखत होतं, डॉक्टरांनी औषध दिलं आणि तो मेला, इतकं सरळ सांगा. सहा-सात वर्षांच्या पुढची मुलं निरोप घ्यायला आली तर येऊ द्या. जबरदस्ती करू नका. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्यालाही नंतर वास घेऊ द्या, शोधत फिरणं कमी होतं.

नंतर कुठे न्यायचं?

मळा किंवा स्वतःची जागा असेल तर पुरा, पण किमान तीन-चार फूट खोल, विहीर आणि बोअरवेलपासून लांब. मीठ, चुना टाकायचा तर टाका, खोली मात्र कमी करू नका. हे नाशिकमध्ये जरा जास्तच कळकळीने सांगतो. ज्या औषधाने प्राणी जातो ते त्याच्या देहात बराच काळ राहतं. उथळ पुरलेला देह कुत्र्यांनी, कोल्ह्याने उकरून खाल्ला तर तेही मरतात. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत, हरसूलकडे खोरीपाड्याला त्यांच्यासाठी वनविभागाने अन्नाची जागा केली आहे, मळ्यांमध्ये बिबटे फिरतात. गिधाडं एकदा जनावरांच्या डायक्लोफेनॅकने संपत आली होती, २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं. आपल्या मोत्याने त्यांना आणखी विष देऊ नये.

जागा नसेल तर दवाखान्यात किंवा महापालिकेच्या तुमच्या विभागीय कार्यालयात आधीच विचारून ठेवा. गोदावरीत सोडू नका, कितीही श्रद्धेने.

सुतक पाळायचं का?

घरात ज्यांना पाळावंसं वाटतं त्यांनी पाळावं. एकाने हसू नये, दुसऱ्याने सक्ती करू नये.

आपण घाई केली का, हे डोक्यातून जात नाही.

जवळजवळ सगळ्यांना हे होतं, उशीर करणाऱ्यांनाही. फरक एवढाच की त्यांना "उशीर केला का" असं होतं. डॉक्टरांकडे केस पेपर असतो, एकदा जाऊन तो समोर ठेवून विचारा. रक्ताचे आकडे, एक्स-रे, वजनाची उतरण बघितली की बऱ्याच जणांचं थोडं हलकं होतं. झोप, जेवण महिनाभर ताळ्यावर आलं नाही तर माणसांच्या डॉक्टरकडे जा. कुत्र्यासाठी कसं जायचं म्हणून लाजू नका.

दुसरं पिल्लू कधी आणावं?

मनाचं तुम्ही ठरवा. त्यावर शेजाऱ्यांचा सल्ला घेऊ नका. शरीराच्या बाजूने एक अट आहे. आधीचं कुत्रं पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या विषाणूने गेलं असेल तर तो विषाणू घरात, अंगणात, मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही टिकतो. मांजरांतल्या पॅनल्यूकोपेनियाचंही तसंच. फिनाइलने तो जात नाही. फरशी आधी धुऊन मग ब्लीच पातळ करून पुसा, दहा मिनिटं ओलं राहू द्या. जुनी गादी, पट्टा, भांडी कुणाला देऊ नका, टाकून द्या. आणि नवीन पिल्लू लसींचा पूर्ण कोर्स झाल्यावरच घरी आणा, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांचं झाल्यावर. आधीचं कुत्रं मूत्रपिंडाने, हृदयाने किंवा म्हातारपणाने गेलं असेल तर यातलं काही लागत नाही, गादीसुद्धा धुऊन तीच वापरा.